हिंगणीची जीप आणि न सुटणारा फिल्टर

हिंगणीत येऊन नुसतं ‘पंचफुला ताकसांडे कुठं राहतात’ असं विचारलं, तर समोरचा जरा थांबतो. ‘जीपवाली पंचफुलाबाई’ म्हटलं, की लगेच हात वर करून घर दाखवतो. सत्तेचाळीस वर्षांची ठेंगणी बाई. अंगावर साडी आणि साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट. कापूस वेचायला जाणाऱ्या बायका उन्हासाठी घालतात तसा. ती पूर्वी वेचणीला जायची, तेव्हाची सवय. वेचणी सुटली, शर्ट राहिला.

जीप तिच्या नवऱ्याची, बाबारावांची. वीस-बावीस वर्षं त्यांनी हिंगणी ते सेलू सवारी मारली. बाजाराला जाणाऱ्या बायका, बाळंतिणी, लग्नाची वऱ्हाडं, सगळं त्या एका डिझेल जीपमधून. मग त्यांना काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेना, मग अंधुक झालं. वर्षभर त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. एकदा डावीकडून आलेली सायकल त्यांना दिसलीच नाही. सायकलवाला नालीत गेला, खरचटण्यावर निभावलं. त्या दिवशी बाबारावांनी जीप अंगणात उभी केली, किल्ली बायकोच्या हातात दिली आणि म्हणाले, “इकून टाक.”

तिनं विकली नाही. आठ दिवस किल्ली पदराला बांधून फिरली आणि नवव्या दिवशी म्हणाली, “मले शिकवा.”

तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. धरणाकडच्या मोकळ्या रस्त्यावर बाबाराव शेजारी बसायचे आणि इंजिनाच्या आवाजावरून सांगायचे, आता गियर बदल, आता पाय काढ. पहिले पंधरा दिवस जीप चालण्यापेक्षा बंदच जास्त पडली. वर्ध्याला लायसन्सच्या परीक्षेच्या रांगेत पंचेचाळीस जणांत ती एकटी बाई होती. दुसऱ्या वेळेला पास झाली. गावात कोणी हसलं, कोणी म्हणालं की ही बाई गाडी बाभळीवर घालणार. तिच्या गाडीत आधी बायकाच बसल्या. मग त्यांचे नवरे बसू लागले.

बाबारावांनी तिला सगळं शिकवलं, फक्त बोनट उघडू दिलं नाही. तेल-पाणी पाहणं, पट्टा ताणणं, फिल्टर बदलणं ही कामं ते स्वतः करायचे. नजर जवळजवळ गेली तरी हातानं चाचपून करायचे. ती जवळ आली तर म्हणायचे, “तू चालव. हे माह्याकडं राहू दे.” तिनंही कधी हट्ट धरला नाही.

मागच्या नोव्हेंबरात जीप झटके मारू लागली. चढावर दम लागल्यासारखी व्हायची, सपाटीवर पुन्हा धावायची. बाबारावांनी ओट्यावर बसूनच सांगितलं, “डिझेल पुरत नाई तिले. फिल्टर भरला.” तिनं सेलूहून नवा फिल्टर आणला. बाबाराव म्हणाले, रविवारी बदलतो. तो रविवार गेला, पुढचाही गेला. एकदा ते बोनटखाली हात घालून बराच वेळ उभे होते, मग हात पुसून आत गेले. “अजून चालते थे काही दिवस,” एवढंच बोलले. नवा फिल्टर खोक्यासकट सीटखाली पडून राहिला.

त्या मंगळवारी जीपमध्ये नत्थूजी आणि त्यांची बायको लीलाबाई असे दोघंच होते. नत्थूजी गावातले जुने शेतकरी, चौसष्ट वर्षांचे. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना डायलिसिससाठी सावंगीच्या हॉस्पिटलात न्यावं लागायचं आणि आठ महिने ते काम पंचफुलाबाई करत होती. नत्थूजी पूर्वी बोलका माणूस होता. आजारानंतर मागच्या सीटवर शाल पांघरून बसायचे आणि रस्ताभर बाहेर पाहायचे. डाव्या हाताची नस मशीनसाठी ऑपरेशन करून जोडलेली होती, त्या हातानं जोर करायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. लीलाबाई तो हात मांडीवर घेऊनच बसायची. त्या दिवशी घरून निघताना ते तिला म्हणाले होते, “आता पुरे झालं व. कितीक दिवस असं जायाचं?” लीलाबाईनं ते पंचफुलाबाईला गाडीत चढता चढता हळूच सांगितलं होतं.

हिंगणी सोडून सेलूकडे थोडं पुढं गेल्यावर, दोन्ही बाजूंना कपाशी लागली तिथं, जीपनं तीन झटके दिले आणि बंद पडली. पंचफुलाबाईनं ती उतारावरून कडेला घेतली. सेल मारला. इंजिन नुसतं घुरघुरलं. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा आवाजच बसला, म्हणून तिनं हात आवरला. पावणेनऊ झाले होते.

तिनं आधी सावंगीला डायलिसिस विभागातल्या सिस्टरला फोन लावला. सिस्टर म्हणाली, “साडेदहाची वेळ आहे ताई, अकरापर्यंत आलात तर सांभाळून घेऊ. पुढं दुसऱ्या पेशंटची पाळी आहे.” मग तिनं सेलूच्या एका ओळखीच्या ऑटोवाल्याला लावला. तो केळझरकडे सवारी घेऊन गेला होता, तासाभरानं येतो म्हणाला. म्हणजे जेमतेम जमलं असतं. रस्त्यात आणखी काही झालं असतं, तर नसतं जमलं.

एवढा तास नुसतं बसून राहणं तिला शक्य नव्हतं. खाली उतरून तिनं बोनट उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा. आत पाहिलं तर सगळंच काळं, तेलकट, एकात एक गुंतलेलं.

“फिल्टरवरच्या बटनाले दाबून पाह्य.”

तिनं मागं वळून पाहिलं. नत्थूजी दाराला धरून खाली उतरले होते. लीलाबाई मागून “अहो, अहो” करत होती.

“कोणतं बटन?”

“थे गोल, डब्ब्याच्या डोक्यावरचं. हातपंप हाये थो. माह्या इहिरीवर वीस वर्स ऑइल इंजिन होतं. मोटर आली तवा सोडलं. सगळे डिझलवाले सारखेच असतेत बाई.”

तिनं ते गोल बटन दाबलं. जागचं हललं नाही. नत्थूजींनी शेजारचा एक लहान स्क्रू सैल करायला लावला. त्यातून दोन थेंब आले, तेही गढूळ.

“पाह्य. डिझल पुढं जाऊनच नाई राह्यलं. फिल्टर चोंदला. दुसरा हाये का?”

“हाये. सीटखाली हाये.”

“मंग काऊन बसली?”

जुना फिल्टर म्हणजे लोखंडी डोक्याला खालून आट्यांवर बसवलेला, पावशेराच्या डब्याएवढा पत्र्याचा डबा. तिनं त्याला दोन्ही हातांनी धरून पिळलं. हात सटकला. चिंधीनं डबा पुसून पुन्हा पिळलं. शर्टाची बाही गुंडाळून पिळलं. डब्यावरचा रंग तिच्या तळहाताला आला, पण डबा होता तिथंच.

इतक्यात एक मोटारसायकल थांबली. तिशीचा माणूस, पाठीला बॅग, कामावर चाललेला. त्यानं वाकून पाहिलं, एकदा स्वतः पिळून पाहिलं आणि म्हणाला, “सरका बाई, हे तुमचं काम नाई. पेचकस हाये का मोठा? आरपार ठोकतो अन् मंग त्याच पेचकसाले धरून फिरवू.”

गाडीत मोठा स्क्रूड्रायव्हर होता. त्यानं तो डब्याच्या मधोमध टेकवून वर दगड उचललासुद्धा. पंचफुलाबाईला त्याचं मन मोडवेना. माणूस आपणहून थांबला होता. पण पत्रा पातळ होता, तिच्या बोटांनीही चेपत होता.

“थांबा भाऊ,” ती म्हणाली. “एक फोन करतो, मंग ठोका.”

फोनला एक काडी रेंज होती. बाबारावांनी पहिल्याच रिंगला उचलला. तिनं सगळं सांगितलं. 

“ठोकू देऊ नको,” ते म्हणाले. “पत्रा फाटला त डब्बा हातात येईन अन् आट्याची चकती वरच राहीन. मंग गाडी ओढूनच न्या लागते.”

“मंग सुटन कसा?”

मग ते म्हणाले, “थो मीनं आवळला होता. मागच्या साली. दिसे नाई, बसला का नाई समजे नाई, म्हणून पान्यानं आवळला. रबराले डिझल बी लावलं नाई, सुकाच बसवला. त्या रविवारी मीनं काढून पाह्यला. मलेच नाई निघाला.”

तीन आठवडे हा माणूस ओट्यावर बसून काय गिळत होता, ते तिला त्या कपाशीच्या कडेला उभं राहून समजलं. रागावण्यासारखं होतं, पण राग आला नाही.

“थे जाऊ द्या आता,” ती म्हणाली. “मी तुमच्यासारखीच हातानं पाहून राह्यली. सांगा मले.”

मोटारसायकलवाल्याला उशीर होत होता. “पाहा बावा तुमचं तुमी,” म्हणून तो गेला. तो वाईट माणूस नव्हता, जाताना पाण्याची बाटली देऊन गेला.

बाबारावांनी विचारलं, टपावर सामान बांधायची ट्यूब आहे का? होती. टायरच्या जुन्या ट्यूबची लांब कापलेली पट्टी. ती फिल्टरभोवती घट्ट तीन वेढे घेऊन गुंडाळायची, अगदी वर, जिथं डबा डोक्याला टेकतो तिथं, कारण तिथं पत्रा दुहेरी असतो. उरलेल्या टोकाचा फास करून त्यात टामी, म्हणजे जॅक फिरवायची लोखंडी सळई, घालायची आणि तिचा दांडा करून ओढायचं. तिनं ते सगळं फोन खांद्यात दाबून केलं. लीलाबाईनं फासाची गाठ मारली. गाय बांधणाऱ्या बाईची गाठ, सुटायची नाही.

ओढलं. ट्यूब ताणली, करकरली. डबा हलला नाही. पुन्हा ओढलं. तिच्या कपाळाचा घाम बॅटरीवर टपकला.

“नाई हलत,” ती म्हणाली.

“कोण्या बाजूनं ओढून राह्यली?”

“सोडाच्या बाजूनं. उलटं. नळ सोडतो तसं.”

“तू कुठून पाहून राह्यली? वरून का खालून?”

“वरून. बोनटातून.”

बाबाराव एकदम हसले. किती दिवसांनी हसले असतील. “अवं, थो खालून चढवलेला हाये! त्याच्या बुडाकडून पाह्यलं त उलटं, वरून पाह्यलं त सुलटं. तू सोडून नाई राह्यली, आवळून राह्यली!”

नत्थूजींनी कपाळावर हात मारला. “मले बी नाई सुचलं पाह्य. माह्या इंजिनचा वरून बसवलेला होता.” आणि मग तेही हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. लीलाबाई घाबरून पाठ चोळू लागली, पण तिच्याही चेहऱ्यावर हसू फुटलं होतं. पंचफुलाबाईला आधी रडू येईल असं वाटलं. पंधरा मिनिटं घाम गाळून आपण तो डबा आणखी घट्ट केला आणि तो मोटारसायकलवालाही थोडा करून गेला!

ट्यूबचे वेढे सोडून तिनं ते दुसऱ्या बाजूनं घेतले. टामी घातली. एक पाय बंपरवर टेकवला आणि सगळं अंग मागं टाकलं. कट्ट असा आवाज झाला. तिला वाटलं ट्यूब तुटली. पण ट्यूब शाबूत होती आणि डबा बोटभर फिरला होता. काळपट डिझेल तिच्या मनगटावरून शर्टाच्या बाहीत उतरलं.

“निघाला!” ती फोनमध्ये ओरडली.

“हळू,” बाबाराव म्हणाले. “आता हातानं. सांडू नको. आणि वर बोट फिरव, जुनं रबर चिकटून राह्यलं असन.”

तिनं बोट फिरवलं. खरोखर, रबराची चकती डोक्यालाच चिकटली होती. ती तशीच राहिली असती तर नवा फिल्टर तिच्यावर बसला असता आणि कडेनं हवा ओढत राहिला असता. लीलाबाईनं केसातली पिन काढून दिली. पिनेनं आणि नखानं खरवडत ती चकती तुकड्यातुकड्यानं निघाली. मग तिनं आपल्या पदराच्या आतल्या, स्वच्छ बाजूनं ती जागा पुसली. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं डिझेल लावलं. डबा हातानंच चढवला. रबर टेकल्यावर फक्त पाऊण फेरा.

“अजून आवळू का?” तिनं विचारलं.

“नाई,” पलीकडून उत्तर आलं. “मी आवळलं थे पुरे झालं.”

आता हातपंप मारून एअर, म्हणजे नळ्यांत शिरलेली हवा, काढायची होती. तिनं हात पुढं केला, तेवढ्यात नत्थूजी म्हणाले, “हे मी करतो.”

“अहो, तुमचा हात!” लीलाबाई म्हणाली.

“डावा हाये थो. उजव्याले काय झालं?” त्यांनी डावा हात शालीत घेतला आणि उजव्या अंगठ्यानं ते गोल बटन दाबायला सुरुवात केली. सैल केलेल्या स्क्रूतून आधी नुसता फेस आला, फुसफुस आवाज आला. ते थांबले नाहीत. दम लागला की थोडा विसावा घ्यायचे आणि पुन्हा दाबायचे. डोळे त्या स्क्रूवर. बुडबुडे मोठे झाले, मग कमी झाले, मग डिझेलची सरळ, स्वच्छ धार आली.

“कस आता,” ते म्हणाले. “धार चालू असतानाच कस.”

तिनं स्क्रू कसला. सेल मारला. इंजिन दोनदा अडखळलं. तिसऱ्यांदा पकडलं, काळा धूर फेकला, एकदा मरू मरू झालं आणि मग नीट लागलं. फोन अजून चालूच होता. तिनं तो बोनटाजवळ धरला. बाबारावांनी तो आवाज ऐकला. थोड्या वेळानं त्यांनीच ठेवला.

तिनं ऑटोवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. रस्ताभर नत्थूजी बोलत होते. ऑइल इंजिन पहिल्यांदा आणलं तेव्हा ते सुरू करायला चार माणसं कशी लागली, हँडल उलटं फिरून त्यांच्या भावाचं मनगट कसं सुजलं, एका रात्रीत किती वाफे भिजायचे. लीलाबाईनं मागून आरशात पंचफुलाबाईकडे पाहिलं. सावंगीला पोचले तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती. सिस्टरनं पंचफुलाबाईच्या काळ्या हातांकडे पाहिलं आणि साबण कुठं आहे ते दाखवलं.

मशीनवर आडवं होताना नत्थूजी सिस्टरला म्हणाले, “शुक्रवारी बी याच टायमाले ठेवजो.” लीलाबाई तेव्हा त्यांच्या चपला खाटेखाली सरकवत होती. ती तशीच वाकून राहिली जरा वेळ.

परतताना पंचफुलाबाईनं सेलूला चंद्रभानच्या गॅरेजपाशी जीप थांबवली. म्हटलं, एकदा कोणा जाणत्याच्या डोळ्याखालून जाऊ दे. चंद्रभाननं टॉर्च लावून वर-खाली पाहिलं, बोटानं फिल्टरची कड तपासली. कुठं ओल नव्हती.

“कोणं बसवला?”

“मीनं.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं सगळी हकिकत सांगितली. फोनवरून बाबारावांनी कसं सांगितलं, दुहेरी पत्रा, जुनं रबर, वरून-खालून. चंद्रभान हातातली चिंधी विसरून ऐकत राहिला. मग म्हणाला, “माह्याकडं दोन पोट्टे हायेत, दोघाइले चांगले डोळे. एकाले बी रबराचं ध्यानात राहत नाई. बाबारावभाऊ घरी काय करतेत?”

“बसून राहतेत.”

“मंग इकडं काऊन नाई बसत?”

घरी आल्यावर तिनं बाबारावांचा हात धरून त्यांना जीपपाशी नेलं आणि त्यांची बोटं नव्या फिल्टरवर ठेवली. त्यांनी डबा भोवताली चाचपला, कड पाहिली, स्क्रू पाहिला.

“बरोबर बसला,” ते म्हणाले. मग बोनटाला टेकून उभे राहिले. “मीनं तुले हे शिकवलंच नाई. गाडी गेली, डोळे गेले. हे बी तुले देलं त माह्याजवळ का राह्यलं असतं?”

“मले कोठं काढून घ्या लागते?” ती म्हणाली. “दोघाइले आलं त बरंच हाये. आज तुमीच होते म्हणून आमी पोचलो.”

चंद्रभानचा निरोप तिनं जेवताना सांगितला. बाबाराव आधी नाही म्हणाले. आंधळ्याला गॅरेजमध्ये ठेवून लोकांना तमाशा दाखवायचा का, म्हणाले. ती वाद घालत बसली नाही. शुक्रवारी सकाळी पाहते तर ते अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून जीपच्या पुढच्या सीटवर बसलेले होते.

“एक डाव पाहून येतो,” ते म्हणाले. “पसंत नाई पडलं त परततानी उचलून घेजो मले.”

त्याला आता चार महिने झाले. मंगळवारी आणि शुक्रवारी जीपमधून चौघं निघतात. बाबाराव सेलूला उतरतात. गॅरेजमधल्या एका लाकडी खोक्यावर त्यांची जागा आहे. इंजिन सुरू ठेवून गाडी त्यांच्यासमोर उभी करतात. ते ऐकतात, बोटांनी नळ्या चाचपतात आणि दोघा कारागिरांना सांगतात कुठं हात घालायचा ते. सगळंच बरोबर येतं असं नाही. एकदा त्यांनी सांगितलेलं साफ चुकलं आणि ते पुढच्या दोन वेळा गेले नाहीत. तिसऱ्या वेळी चंद्रभान स्वतः हिंगणीला न्यायला आला. पंचफुलाबाई दर रविवारी त्यांच्याकडून एकेक काम शिकते. ब्रेकचं तेल बदलणं झालं, पट्टा ताणणं झालं, सेल्फ काढून साफ करणं चालू आहे.

नत्थूजींचा आजार जायचा नाही, हे त्यांनाही माहीत आहे. कधी जीपमध्ये गप्प असतात, कधी तोंड थांबत नाही. मागच्या महिन्यात त्यांनी गोठ्यामागं गंजत पडलेलं ऑइल इंजिन बाहेर काढायला लावलं. मुलगा सचिन म्हणाला, “बाबा, भंगारात पण कोणी नाई घेणार हे.” नत्थूजी खाटेवर बसून सांगतात आणि सचिन वैतागत वैतागत एकेक भाग सोडवून रॉकेलात धुतो. परवा शुक्रवारी परतताना त्यांनी पंचफुलाबाईला जीप वेशीपाशी थांबवायला लावली आणि खिशातून चिंधीत गुंडाळलेली एक पितळेची चकती काढली.

“असा वॉशर सेलूत भेटन का पाहजो,” ते म्हणाले. “नाई भेटला त नागपूरले कोणाले तरी सांगू.”

बाबारावांनी हात पुढं केला. चकती अंगठ्यानं फिरवून पाहिली, कडेवरची चीर त्यांना लगेच लागली.

“भेटन,” ते म्हणाले. “मंगळवारी आणतो.”